सावली, चंद्र, पान की पाऊस: मुलांना अंदाज बांधायला कशापासून शिकवावं?

तिसरी-चौथीच्या वर्गाला निसर्ग पाहून अंदाज बांधायला शिकवायचं मनावर घेतलं, की पहिला प्रश्न कशाचा अंदाज बांधायचा हाच येतो. परिसर अभ्यासात ऋतू आहेत, चंद्राच्या कला आहेत, पानं-मुळं आहेत, पाऊस आहे. सगळीकडे ‘निरीक्षण करा’ असतंच. प्रत्यक्षात एका सत्रात नीट असं एकच काम होतं, फार तर दोन. बाकीचा वेळ परीक्षा, स्नेहसंमेलन आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातो.

म्हणून हे पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आहेत. उत्तर किती लवकर मिळतं हे महत्त्वाचं, कारण आठ वर्षांच्या मुलाला मागच्या सोमवारी केलेला अंदाज या सोमवारी आठवत नाही. उत्तर आधीच कुठे छापलेलं नाही ना, हेही पाहायला हवं. पण मी सर्वांत जास्त वजन देते ते तिसऱ्या गोष्टीला: अंदाज चुकला तर का चुकला, हे मुलाला स्वतः शोधून काढता येतं का? ‘निसर्गाचं काही सांगता येत नाही’ एवढंच हाती लागणार असेल, तर तो पर्याय सुरुवातीला घेऊ नये.

कोणताही पर्याय घ्या, वहीत तीन रकाने आखून घ्या: माझा अंदाज, कशावरून, काय झालं. अंदाज स्केचपेनने लिहायला लावा. पेन्सिलीने लिहिले तर निकाल लागल्यावर निम्म्या वर्गाचे अंदाज खोडरबरच्या कृपेने बरोबर येतात.

सावली

मैदानात काठी रोवायची, सावलीच्या टोकाशी खूण करायची, शेजारी वेळ लिहायची. फरशी असेल तर खडू, माती असेल तर आइस्क्रीमच्या काड्या. साडेदहा, अकरा, साडेअकरा अशा तीन खुणा झाल्या की विचारायचं, ‘बाराची खूण कुठे येईल?’ ज्याला जिथे वाटतं तिथे त्याने आपल्या नावाची चिठ्ठी दगडाखाली ठेवायची. अर्ध्या तासात निकाल. इतकं चटपटीत उत्तर देणारी गोष्ट निसर्गात दुसरी फारशी नाही.

खरी गंमत बारानंतर. दुपारी बाराला सावली सर्वांत आखूड होते असं मुलंच काय, मोठेही छातीठोकपणे सांगतात. आपल्याकडे तसं होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि मुंबई ७३ अंशांच्या जवळ आहे. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर मुंबईतला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागे. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे वर्षभर थोडी कमी-जास्त होते, म्हणून मुंबईतली सर्वांत आखूड सावली नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण १२:२२ ला पडते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ च्या आसपास. नागपुरात हाच सरासरी फरक १४ मिनिटांचा. तिसरीच्या मुलाला रेखांश सांगायची गरज नाही. बारानंतरही सावली आखूड होत राहिली, हे त्याने स्वतः पाहिलं एवढं पुरे. अडचण एकच, खिचडीची सुट्टी बहुतेक शाळांत याच वेळेला असते. दोन मुलांची पाळी लावून द्या.

दिवसाचा खेळ झाला की महिन्यांचा करता येतो, आणि तिथे सावली बाकीच्या पर्यायांच्या फार पुढे निघून जाते. एक मीटरची काठी घ्या आणि दर महिन्याच्या २२ तारखेच्या आसपास सर्वांत आखूड सावली मोजा. पुण्याच्या अक्षांशावर सप्टेंबरमध्ये ती साधारण ३३ सेंटिमीटर भरते, ऑक्टोबरमध्ये ५७, नोव्हेंबरमध्ये ८०. आता डिसेंबरचा अंदाज विचारा. ज्यांना वजाबाकी येते ती मुलं सांगतील, दर महिन्याला २३-२४ वाढते, म्हणजे १०३. डिसेंबरची सावली येते ९० च्या आसपास. वर्गात हमखास कोणीतरी म्हणतं, काठी हलली असेल. हलली नाही ना ते तपासा आणि जानेवारीचा अंदाज मागा. आता वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो ९० च्या पुढे, पण थोडीच. दुसरा म्हणतो, वाढ मंदावली म्हणजे आता उलटणार. जानेवारीत सावली ७९ च्या जवळ येते. आकडे वाढता वाढता हळू झाले म्हणजे पुढे काय होऊ शकतं, हे चौथीतल्या मुलाला पाच मोजमापांत कळतं. झोका वर जाताना टोकाला मंदावतो तसंच हे, आणि झोक्याचा दाखला मुलांकडूनच येऊ द्यावा.

सावलीचे तोटेही आहेत. जून ते सप्टेंबर ढग असतात, त्यामुळे हे पाऊस ओसरल्यावरचं काम. शून्य सावलीचा दिवस महाराष्ट्रात सगळीकडे वर्षातून दोनदा येतो, कारण अख्खं राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. पण पहिला कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबई-पुण्याला मेच्या मध्याला आणि नागपूरला २६ मेच्या आसपास, म्हणजे ऐन सुट्टीत. दुसरा जुलै-ऑगस्टच्या ढगांत. शाळेच्या हाताला त्यातलं काही लागत नाही. शहरातल्या शाळेला मैदान नसेल तर खिडकीतून फरशीवर पडणारा उन्हाचा कवडसा चालतो. त्याच्या कडेवर दर अर्ध्या तासाने चिकटपट्टी लावायची, तेच काम होतं.

चंद्र

चंद्र सगळ्यांना हवासा वाटतो आणि पुस्तकातही आहे. पण शाळा दिवसा आणि चंद्र रात्री, अशी समजूत करून घेऊन बहुतेक जण तक्त्यावर काळी-पांढरी वर्तुळं चिकटवून मोकळे होतात. त्यात अंदाज कुठेच नसतो.

मुळात चंद्र शाळेच्या वेळेत दिसतो. शुद्ध अष्टमीच्या सुमारास तो दुपारी उगवतो आणि चार वाजता, शाळा सुटायच्या आधी, पूर्वेच्या बाजूला चांगला वर आलेला असतो. वद्य अष्टमीच्या सुमारास सकाळच्या शाळेला येताना तो पश्चिमेकडे झुकलेला सापडतो. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की ही संधी आयती मिळते.

अंदाजासाठी सर्वांत सोपी रीत मुठीची. हात ताणून मूठ धरली की आकाशाचा साधारण १० अंशांचा तुकडा झाकला जातो. मुलाचा हात लहान असला तरी मूठही लहान असते, त्यामुळे हिशेब जमतो. शुद्ध द्वितीयेपासून रोज संध्याकाळी सात वाजता, त्याच ओट्यावरून, चंद्र पाहायचा. दर दिवशी तो पूर्वेकडे एक मूठ आणि थोडा सरकलेला असतो. तीन दिवसांनंतर ‘उद्या तो कोणत्या झाडाच्या, कोणत्या टाकीच्या वर असेल?’ याचा अंदाज मुलं चक्क बरोबर देतात, आणि घरच्यांना ओढून नेऊन दाखवतात.

चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा होतो. हे पाठ करून घेण्यापेक्षा संकष्टीचा उपयोग करा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि वद्य चतुर्थीला उपास सोडायला नऊ-दहा वाजतात, हे निदान उपास करणाऱ्या आजीच्या नातवाला नक्की माहीत असतं. मग तृतीयेला कधी उगवला असेल? पंचमीला किती वाजेपर्यंत थांबावं लागलं असतं? वर्गात ईद साजरी करणारी मुलं असतील तर त्यांच्याकडे याहून चांगला प्रश्न असतो: महिना २९ दिवसांचा की ३०? अमावास्या ते अमावास्या साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून हा प्रश्न दर महिन्याला खराच उरतो, आणि सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोर शोधणारी नजर त्या मुलांना घरूनच मिळालेली असते.

चंद्राची खरी अडचण भिंतीवर टांगलेली आहे. दिनदर्शिकेत तिथी, चंद्रोदय, पौर्णिमा सगळं छापलेलं असतं. वर्गातला हुशार मुलगा आकाशाकडे न पाहता सगळी उत्तरं आणतो. त्याला दामटण्यात अर्थ नाही. दिनदर्शिकेला पंच करा: आधी अंदाज, मग आकाश, शेवटी छापील वेळ. दुसरी अडचण म्हणजे संध्याकाळची निरीक्षणं तुमच्या डोळ्यांदेखत होत नाहीत. ज्या घरी कोणी बाहेर काढणारं नाही, त्या मुलाची वही कोरी राहते किंवा शेजारच्याची नक्कल असते. आणि अंदाज का चुकला हे शोधण्यात चंद्र सावलीपेक्षा अवघड आहे. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मुलांना हमखास वाटतं. तो गैरसमज काढायला चेंडू आणि टॉर्च घेऊन आणखी दोन तास द्यावे लागतात, तेही पाचवीच्या पुढे दिलेले बरे.

भरती-ओहोटी

हा पर्याय किनाऱ्यावरच्या शाळांनाच आहे, पण त्यांना तो असा आहे की त्यांनी दुसरीकडे पाहूच नये. पालघर ते सिंधुदुर्ग आणि पुढे गोव्यापर्यंत दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणजे आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं पुढे, चंद्रासारखीच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग.

रायगडच्या बाजूला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. षष्ठीला साडेचार. अष्टमीला सहा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे याच हिशेबावर निघतात. कधीकाळी पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला हे तोंडी जमायचं. चौथीच्या मुलाला अपूर्णांकाचा इतका खरा उपयोग दुसरीकडे सापडणार नाही. शिवाय हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक बंदराला थोडा फरक पडतो. मग ‘आपल्या गावाला किती मिनिटं मिळवायची किंवा वजा करायची?’ हे वर्गालाच शोधता येतं. नियम घ्यायचा, तो आपल्या जागेवर तपासायचा आणि त्याला ठिगळ लावायचं, हा या वयातला फार वरचा धडा आहे.

पाण्याजवळ मुलांना नेऊ नका, जेट्टीच्या खांबावरच्या ओल्या रेघा लांबून दिसतात तेवढ्या बस. आणि ज्यांच्या घरी होडी आहे त्या मुलांना आधी बोलायला लावू नका, नाहीतर बाकीच्यांचे अंदाज संपले.

पान पाहून मूळ ओळखणं

अंदाज म्हणजे उद्याचंच काहीतरी, असं नसतं. जे आत्ता दिसत नाही पण आहे, त्याचाही अंदाज करता येतो. हा पर्याय त्या प्रकारचा आहे आणि एका तासिकेत संपतो.

जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या कुंपणाला लागून आघाडा, टाकळा, केना, तऱ्हेतऱ्हेचं गवत माजलेलं असतं. पान हातात घ्यायचं, उन्हाकडे धरायचं, शिरा पाहायच्या. जाळी दिसते की समांतर रेघा? आता मूळ कसं असेल: एक जाड सोटमूळ की तंतूंचा झुपका? अंदाज लिहायचा आणि मग रोप उपटायचं. माती ओली असते, सहज येतं. जाळीच्या पानाखाली सोटमूळ आणि समांतर शिरांच्या पानाखाली तंतुमूळ, असं चार-पाच रोपांत जमलं की मुलांचा आत्मविश्वास इतका वाढतो, की उपटायच्या आधीच उत्तर ओरडायला लागतात. केना इथे मजा आणतो. पान रुंद, म्हणून मुलं त्याला टाकळ्याच्या गटात टाकतात, पण निरखून पाहिलं तर शिरा समांतर असतात आणि मूळ झुपक्याचं निघतं. पानाच्या आकारावर जाऊ नये, शिरांवर जावं, हे त्यांना इथे कळतं.

मग अळू आणा. परसात, नळाखाली, कुठेही मिळतो. पानावर जाळी, म्हणून सगळा वर्ग सोटमूळ म्हणणार. निघतो कंद आणि त्याला तंतुमुळं. अळू एकदलिकित, म्हणजे बीला एकच दल असलेल्या गवताच्या गटातला, असून त्याच्या पानावर जाळी असते. हे शेवटीच आणायचं, पहिल्याच रोपाला नाही. नियम बसायच्या आत अपवाद दाखवला तर मुलांच्या हातात काहीच उरत नाही.

साहित्य शून्य, खर्च शून्य, निकाल लगेच. कमी एवढीच की हे तीन-चार तासिकांत आटोपतं, महिनोन्‌महिने ओढता येत नाही. ज्या वर्गाने अंदाज हा प्रकारच कधी केलेला नाही, त्याला हाच दरवाजा सोपा पडतो. शेजारच्या शेतात घुसून कोणाचं पीक उपटणार नाहीत एवढं मात्र बघा.

रुजणारं बी

नवरात्रात घरोघरी घट बसतात. परडीत माती, त्यात गहू-ज्वारी, आणि दसऱ्यापर्यंत हिरवा-पिवळा कोंभांचा जुडगा. मुलं रोज पाहतात, मोजत नाहीत. पट्टी लावून रोज उंची लिहिली तर पहिले एक-दोन दिवस काही नाही, मग अचानक वेग, शेवटी पुन्हा मंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दसऱ्याच्या उंचीचा अंदाज विचारला तर बहुतेक मुलं कमी सांगतात, सहाव्या दिवशी विचारला तर जास्त. अंदाज कधी बांधला यावर तो कुठे चुकतो हे ठरतं, आणि हे वर्गात दाखवायला दुसरी इतकी स्वस्त सोय नाही.

तरी मी हे काम घटावर न सोपवता वर्गात करवंटीत करा म्हणेन. सगळ्यांच्या घरी घट बसत नाही, आणि ज्यांच्या घरी बसतो तिथे पट्टी लावू देतीलच असं नाही. करवंटी असली की दोन खिडकीत, दोन कपाटात ठेवता येतात. कपाटातले कोंभ जास्त उंच आणि पिवळे निघतात. ‘अंधारात वाढणारच नाही’ असा जवळजवळ सगळ्या वर्गाचा अंदाज असतो, तो सपशेल आडवा होतो. कारण शोधायला लावा: उंच झालं म्हणजे जोमदार झालं का?

फुलपाखरू पाळणं हा याच जातीचा पर्याय. रुईवरची किंवा लिंबाच्या झाडावरची अळी पानांसकट बरणीत ठेवली तर कोश आणि फुलपाखरू वर्गात पाहायला मिळतं. पाहायला फार सुंदर. पण अळी मधेच मेली तर वर्ग रडतो, आणि सगळ्या दिवसांत अंदाज बांधण्याच्या जागा दोन-तीनच येतात. हौस म्हणून करा.

झाडांचं वर्ष

पळस, काटेसावर, आंब्याचा मोहर, बहावा. झाड दत्तक घ्यायचं आणि दर आठवड्याला कोवळी पानं, फुलं, फळं यांची नोंद करायची. सीझनवॉच हा देशभर चालणारा उपक्रम नेमकं हेच करतो, शाळांनाही त्यात भाग घेता येतो. केरळमधल्या शाळांनी तिथे भरपूर नोंदी केल्या आहेत.

अंदाजाच्या दृष्टीने मात्र इथे उत्तर वर्षाने येतं. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो, आणि तुमची बदली झालेली असू शकते. म्हणून हा एकट्या शिक्षकाचा उपक्रम नव्हे, शाळेचा आहे. मागच्या चौथीची वही या चौथीच्या हातात पडली, ‘गेल्या वर्षी आपल्या पळसाला पहिलं फूल अमुक तारखेला आलं’ हे समोर असलं, तर अंदाजाला काही अर्थ येतो. तीन-चार वर्षांच्या वह्या जमल्या तर बहावा फुलल्यापासून दीड महिन्यात पाऊस येतो, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा ठोकताळा मुलंच तपासू शकतील. पहिल्या वर्षी हे काम नुसतं नोंदींचं असणार, हे धरूनच सुरू करा.

पाऊस

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो हाच. शाळा जूनमध्ये उघडते, पाऊस दारात असतो, बाटलीचं पर्जन्यमापक फुकटात होतं. तरी सुरुवातीचा पर्याय म्हणून मी याला सर्वांत शेवटी ठेवेन.

कारण हे की पावसाचा अंदाज चुकला तर का चुकला हे मुलाला सापडत नाही. खरं तर तुम्हालाही सापडत नाही. सावली चुकली तर पुन्हा मोजता येते. ढग आले, वारा सुटला आणि पाऊस शेजारच्या गावी पडला, यात तिसरीतलं मूल काय शिकणार? नशीब?

पण अंदाजाची सवय लागलेल्या चौथी-पाचवीला पाऊस फार मोलाचा आहे. आज पडला तर उद्याही पडेल, एवढा एकच नियम धरून जुलैभर अंदाज करा. कोकणात हा नियम भल्याभल्यांना हरवतो. मराठवाड्यात तोच नियम तोंडघशी पाडतो. दोन जिल्ह्यांतल्या दोन शाळांनी वह्या एकमेकींना फोनवर वाचून दाखवल्या तर एका जागचा आकृतिबंध दुसऱ्या जागी चालत नाही हे मुलांना आपोआप उमगतं.

दुसरं, पंचांगातली नक्षत्रांची वाहनं. सूर्य साधारण १३-१४ दिवसांनी नक्षत्र बदलतो, आणि प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला आणि कोल्हा आला की ओढ, असा समज आहे. गावाकडच्या मुलांना हे घरी ऐकून माहीत असतं. आर्द्रापासून हस्तापर्यंत आठ नक्षत्रं मिळतात. प्रत्येकाच्या आधी वाहनावरून अंदाज लिहायचा आणि नंतर मोजलेला पाऊस. अट एक: ‘चांगला पाऊस’ म्हणजे किती मिलिमीटर हे आर्द्रा लागायच्या आधी फळ्यावर लिहून टाकायचं. ते आधी ठरलं नाही तर प्रत्येक वाहन नंतर बरोबरच निघतं. मोठ्या माणसांची बरीच भाकितं याच वाटेने खरी ठरतात, पण ते वर्गात बोलून कोणाच्या आजोबांशी भांडण ओढवून घेऊ नका. वही बोलेल. आठ नक्षत्रांवरून वाहन खरं की खोटं हे ठरवणं घाईचं होईल, हेही मुलांना सांगा. तीन वर्षं केलं तर चोवीस होतील.

पर्जन्यमापकाबद्दल एक बारीक गोष्ट. शीतपेयाच्या बाटलीचं बूड खाचाखोचांचं असतं, तिथून मोजलं तर आकडा चुकतो. तळाशी खडे भरून, पाणी ओतून एक सपाट रेघ आखा आणि शून्य तिथून धरा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. शाळेजवळ राहणाऱ्या एका मुलाला ती वेळ दिली तर तुमचे आकडे बातमीतल्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

इंटरनेटवरून घेतलेले उपक्रम

शोधल्यावर पहिल्यांदा अमेरिकेतले उपक्रम सापडतात. तिथल्या २०१३ च्या विज्ञान मानकांत पहिलीपासूनच सूर्य-चंद्राचे आकृतिबंध आणि दिवसाची लांबी आहे. त्यातला दिवसाच्या लांबीचा उपक्रम आपल्याकडे उचलू नका. न्यूयॉर्कमध्ये दिवस हिवाळ्यात सव्वानऊ तासांचा आणि उन्हाळ्यात पंधरा तासांचा होतो, मुलाला खिडकीतून कळतं. मुंबईत तो साधारण अकरा ते सव्वातेरा तासांत फिरतो, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे सावलीची लांबी घ्यावी. न्यू जर्सीतल्या मराठी शाळेने मात्र खुशाल दिवसाची लांबी घ्यावी.

कोणी काय घ्यावं

पहिल्यांदाच करत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये पान आणि मूळ, तीन तासिकांत. मुलांना अंदाज, कारण, पडताळा या चाकोरीची सवय होते. मग सप्टेंबरच्या २२ तारखेपासून सावली, आणि तीच जानेवारीपर्यंत. या वर्षी दुसरं काहीच केलं नाही तरी चालेल. दिवाळीची सुट्टी आड आली तर मोजमाप दोन-चार दिवस पुढे-मागे करा, आकडे फार बिघडत नाहीत.

किनाऱ्यावर असाल तर सावलीऐवजी भरती. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी संध्याकाळी कोणीतरी मोकळं असेल तर चंद्र, नाहीतर नको. द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसत असतील तर करवंट्या, कारण पहिलीचं मूल कोंभ बोटांनी मोजेल आणि चौथीचं आलेख काढेल. झाडाची वही या वर्षी सुरू करून ठेवाच, आठवड्याला दहा मिनिटांचं काम आहे, फक्त तिच्याकडून यंदा अंदाजाची अपेक्षा ठेवू नका. पाऊस पुढच्या जूनसाठी, याच मुलांना पाचवीत. पाचवीला तुम्ही नसाल तर वह्या आणि खडे भरलेली बाटली पाचवीच्या बाईंच्या ताब्यात द्या, आणि शून्याची रेघ कोणती ते बाटलीवर लिहून द्या.